जमिनीवरचे अठरा अंश

"ईस्टरला तूवा आमच्या कॅरव्हॅनमध्ये राहणार," असं आर्विडरावांनी रविवारच्या कॉफीला सगळ्यांच्या देखत जाहीर केलं आणि हातातलं वॅफल बशीत ठेवलं. ही सवय नोकरीतली. एकतीस वर्षं ते नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात होते, आणि निकाल सांगताना हातात खाण्याचा पदार्थ असू नये अशी त्यांची शिस्त होती.

तूवा ही त्यांची नात. वय वर्षे पाऊण. या वयाच्या माणसाचं मत विचारायची पद्धत नसल्यामुळे सगळ्यांनी तिच्या आईकडे, म्हणजे सिल्येकडे पाहिलं. सून नर्स होती. नर्स माणसं आवाज चढवत नाहीत, नुसते आकडे विचारतात.

"डोंगरावर आत्ता उणे सतरा आहे. कॅरव्हॅनच्या आत किती असतं?"

"भरपूर," आर्विडराव म्हणाले.

"भरपूर म्हणजे किती?"

आर्विडरावांनी बशीतलं वॅफल सरळ केलं. "भरपूर" असा शब्द आला म्हणून त्यांनी आयुष्यात किमान दोनशे अर्ज परत पाठवले होते.

"अठरा अंश हवेत," सिल्ये म्हणाली. "छतापाशी नव्हे, जमिनीवर. ती रांगते. शुक्रवारी दुपारपर्यंत मला थर्मामीटरचा फोटो पाठव. जमलं तर शनिवारी येतो. नाहीतर बाबांच्या झोपडीवर जाऊ."

बाबा म्हणजे आर्विडरावांचे व्याही, प्रेबेन. त्यांच्या त्या झोपडीला तीन न्हाणीघरं होती आणि तिची जमीन खालून तापायची. नाताळात तूवा तिथे होती, हिवाळी सुट्टीतही तिथेच. परिणाम असा की पोरगी प्रेबेनची दाढी लांबून ओळखायची, आणि आर्विडरावांनी उचलून घेतलं की कुणी परका माणूस घरात घुसल्यासारखी रडायची. आर्विडरावांना या गोष्टीचं फार वाईट वाटायचं. बोलायचे नाहीत, पण त्या रात्री जेवण कमी जायचं.

"अठरा काय, वीस देतो," ते म्हणाले, आणि वॅफल उचललं.

"द्यायला हे," मुलगा शेटिल हळूच आईला म्हणाला, "आणि कुडकुडायला तू."

आईने, म्हणजे गुनवोरबाईंनी, सुस्कारा टाकला आणि पिशवी भरायला घेतली. आपल्याकडे ईस्टरला लागतातच ती संत्री, चॉकलेट आणि खुनाच्या अकरा कादंबऱ्या.

सोमवारी दुपारी दोघं ग्रोफ्येलच्या कॅम्पिंगवर पोचली. आर्विडरावांनी हीटर पेटवला, हात चोळले आणि घड्याळ पाहिलं. हीटर दहा मिनिटं जळला आणि विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. गॅसची बाटली हलवून पाहिली तर चांगली जड, भरलेली. आर्विडरावांनी तिला बुटाच्या टोकाने ढोसलं. एवढ्यात पलीकडच्या कॅरव्हॅनमधून ऑडवार आला.

या ऑडवारबद्दल एक सांगायला हवं. गावात तो आर्विडरावांच्याच जिन्यात, दोन मजले वर राहतो. नऊ वर्षांत दोघांमध्ये जिन्यात झालेलं एकूण संभाषण म्हणजे "हं." पण समुद्रसपाटीपासून आठशे मीटर वर गेला की हाच माणूस असा बोलायला लागतो की कान किटतात. आपल्याकडे सगळ्यांचंच असं आहे. खाली बसमध्ये शेजारी कुणी बसलं तर आपला जीव गुदमरतो, आणि वर अनोळखी माणसालाही आपण संत्रं सोलून देतो.

"बाटली कुठली रे?" ऑडवारने विचारलं.

"डेन्मार्कची. उन्हाळ्यात बोटीवरून आणली. सलामीबरोबर."

"मग झोपलाय तो. उन्हाळी गॅस आहे. शून्याखाली गेलं की बाटलीतून उठत नाही. माझा मेव्हणा अगदी तसाच."

"माहीत आहे मला," आर्विडराव म्हणाले. "किती वेळात झोपतो ते बघत होतो. चाचणी होती."

"अस्सं! मग माझी हिवाळी बाटली घेऊन जा, तिचीही चाचणी कर."

हिवाळी बाटली लावली आणि हीटर भरभरून पेटला. संध्याकाळी आर्विडरावांनी दोन थर्मामीटर लावले. छतापाशी एकोणतीस. जमिनीवर तीन. गुनवोरबाई वरच्या बाकावर अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून बसल्या होत्या आणि पायांत लोकरीच्या दोन जोड्या मोजे घालून वर बूट चढवले होते.

"डोकं माझं स्पेनला पोचलंय," त्या म्हणाल्या, "पाय अजून इथेच आहेत."

"सरासरी सोळा येते," आर्विडराव म्हणाले.

"तूवाला सरासरीवर रांगायला लाव मग."

मंगळवारी सकाळपर्यंत कॅरव्हॅनच्या सगळ्या रांगेला कळलं की आर्विडच्या जमिनीवर तीन अंश आहेत. उजवीकडची ब्यर्ग, जी गावच्या शाळेत शिवण शिकवायची, ती रेनडिअरची तीन कातडी घेऊन हजर झाली. "हे अंथर. माझ्या आजीने यांच्यावर सात मुलं वाढवली." कातडी उबदार होती यात शंका नाही, पण त्यांचे केस गळायचे. तासाभरात ते कॉफीत सापडले, मटणाच्या रश्शात सापडले, आणि गुनवोरबाईंच्या पुस्तकात चौथ्या प्रकरणातल्या प्रेतावरही सापडले.

"कातड्यांनी काय होणार?" ऑडवार म्हणाला. "खालून वारा वाहतोय तुझ्या. चारी बाजूंनी बर्फ लाव कॅरव्हॅनला, पार जमिनीपर्यंत. बर्फासारखी गोधडी नाही."

हा सल्ला आर्विडरावांना पटला, कारण यात बांधकाम होतं. त्यांनी फावडं काढलं, दोरी काढली आणि मोटारीच्या डिकीतून पाणसळ काढली. ही पाणसळ लाकडी, मध्ये काचेची नळी, नळीत हिरवं पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. निवृत्तीच्या दिवशी विभागाने भेट दिलेली. इतर लोक कॅरव्हॅनभोवती बर्फ लोटतात आणि फावड्याने दोन थापा मारून आत कॉफी प्यायला जातात. आर्विडरावांनी बर्फाच्या विटा पाडल्या. थरावर थर चढवला, प्रत्येक थरावर पाणसळ ठेवली, आणि बुडबुडा मधोमध आल्याशिवाय पुढचा थर घेतला नाही. कोपरे काटकोनात. संध्याकाळी स्कीवरून जाणारी दोन अनोळखी माणसं थांबली आणि त्यांनी भिंतीचा फोटो काढला. आर्विडराव फावड्यावर हात ठेवून बाजूला उभे राहिले, म्हणजे फोटोत यायचं असेल तर येता यावं.

जमिनीवर अकरा अंश झाले. आर्विडराव आत येऊन बसतात न बसतात तोच हीटर विझला आणि दारावरचं विषारी वायूच्या धोक्याचं यंत्र कर्कश ओरडायला लागलं. गुनवोरबाई पुस्तकात बोट घालून, नुसत्या मोज्यांवर, तडक बर्फात येऊन उभ्या राहिल्या.

झालं होतं असं, की हीटर हवा घेतो ती कॅरव्हॅनच्या तळाला असलेल्या भोकातून. आर्विडरावांनी भिंत इतकी चोख बांधली होती की खाली मुंगीलासुद्धा श्वास घेता येत नव्हता.

"बाराव्या प्रकरणात बायकोला असंच मारलंय," गुनवोरबाई म्हणाल्या. "पण तो नवरा निदान विम्यासाठी तरी करतो."

"चाचणी होती," आर्विडराव म्हणाले, पण नेहमीच्या जोरात नाही. त्यांनी दारं उघडून सगळं मोकळं केलं, बायकोच्या पायांत बूट घातले, आणि लगेच भिंतीत हवेसाठी चार खिडक्या पाडल्या. चारही एकाच मापाच्या. माणूस घाबरला तरी त्याची शिस्त जात नाही.

त्या खिडक्यांनीच घात केला. बुधवारी सकाळी कॅम्पिंगची व्यवस्थापक सोलफ्रिड टेप घेऊन आली. ही बाई बुटकी, तांबड्या टोपीची, आणि आगीच्या नियमांबाबत तिच्याकडे दयामाया नाही. नियम साधा आहे. दोन कॅरव्हॅनच्या मध्ये चार मीटर मोकळे हवेत, तिथे कसलंही बांधकाम चालणार नाही.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"बर्फ."

"बर्फ मला कळतो. हे बांधकाम आहे."

"बर्फ आभाळातून पडतो, सोलफ्रिड. त्याला परवानगी लागत नाही."

"आभाळातून पडलेला बर्फ काटकोनात पडत नाही. आणि त्याला खिडक्या नसतात."

"ऑडवारनेही बर्फ लावलाय!"

"ऑडवारचा ढीग आहे. तुझी भिंत आहे." तिने भिंतीवरून हातमोजा फिरवला. "पाणसळ लावलीस ना?"

आर्विडरावांना खोटं बोलता येईना. खरं म्हणजे मनातून त्यांना तिचं म्हणणं पटत होतं. तिच्या जागी ते असते तर त्यांनी हेच लेखी दिलं असतं, आणि एक प्रत फायलीला लावली असती.

"माझ्या भावाच्या कुत्र्याचं घर आठवतं तुला?" सोलफ्रिड टेप गुंडाळत म्हणाली.

"सोळा सेंटिमीटर," आर्विडरावांच्या तोंडून आपसूक निघालं. "हद्दीच्या बाहेर."

"पाडायला लावलंस. जानेवारीत."

"नियम होता."

"मग हाही आहे. संध्याकाळपर्यंत ढीग कर याचा."

आर्विडरावांना स्वतःच्या हाताने भिंत मोडवेना. ते आत जाऊन भिंतीकडे पाठ करून बसले, आणि ते काम ऑडवारने आनंदाने केलं, दोन पायांनी, गाणं म्हणत. एकच कोपरा वाचला. मागच्या अंगाचा, जिथे पलीकडे कॅरव्हॅन नाही, नुसतं जंगल आहे, त्यामुळे चार मीटरचा प्रश्न येत नाही. छातीएवढी उंच, काटकोनातली ती दोन हात भिंत तेवढी ताठ उभी राहिली. आर्विडराव अधूनमधून जाऊन तिच्यावरचा भुरभुरा बर्फ झटकून यायचे.

ढिगांनी जमिनीवर चौदा अंश दिले आणि त्यापुढे काटा हलेना. गुरुवार उजाडला. सिल्येचा संदेश आला, "कसं चाललंय? बाबा विचारताहेत, खोली तयार ठेवू का." आर्विडरावांनी उत्तर दिलं, "सोळा." मग तो आकडा पुन्हा वाचला. लेखी खोटा आकडा देण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती. त्यांनी दुसरा संदेश पाठवला, "दुरुस्ती: चौदा."

"खरा पठ्ठ्या आहेस," गुनवोरबाई म्हणाल्या, आणि हे त्या थट्टेने म्हणाल्या नाहीत.

मग आर्विडराव तालुक्याच्या गावी गेले आणि विजेचे दोन हीटर घेऊन आले. एक कॅरव्हॅनमध्ये लावला, दुसरा खिळ्यांच्या तंबूत. खिळ्यांचा तंबू म्हणजे कॅरव्हॅनच्या दाराला चिकटून उभी केलेली लाकडी खोली. तिला दार असतं, खिडकी असते, आढं असतं, पण कागदोपत्री तो तंबू, कारण घराला परवानगी लागते. नोकरीत असताना आर्विडरावांनी या तंबूंविरुद्ध चौदा पानी टिपण लिहिलं होतं. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात स्वतःचा बांधला.

दोन्ही हीटरची बटणं त्यांनी एकदम दाबली. वेळ दुपारची. दूरदर्शनवर बायकांची स्कीची रिले शर्यत चालली होती, शेवटची फेरी, शेवटची चढण, आणि आपली पोरगी स्वीडनच्या पोरीच्या खांद्याला खांदा लावून वर चढत होती. त्याच क्षणी सगळ्या रांगेची वीज गेली.

 मग अकरा कॅरव्हॅनची दारं उघडली. ऑडवार लोकरीच्या अंतर्वस्त्रांवर बर्फात आला.

"आर्विड! शेवटची चढण होती रे!"

"कोण पुढे होतं?" ब्यर्ग विचारत होती. "सांगा ना कुणीतरी, कोण पुढे होतं?"

सगळी रांग ऑडवारच्या मोटारीभोवती गोळा झाली. त्याने रेडिओ लावला. थंडीत तीस माणसं श्वास रोखून उभी राहिली. स्वीडन जिंकलं.  ऑडवारने रेडिओ बंद केला, आणि सगळ्यांनी वळून आर्विडरावांकडे पाहिलं.

"ही चाचणी नव्हती," आर्विडराव म्हणाले.  "मला नातीसाठी अठरा अंश हवेत. उद्या दुपारपर्यंत. नाहीतर ती याही वेळी तिकडे जाईल."

आता यानंतर जे झालं त्याला कुणी माणुसकी म्हणेल. ऑडवारचं म्हणणं निराळं होतं: शनिवारी पुरुषांची शर्यत आहे, तोवर या माणसाला गरम केला नाही तर हा पुन्हा वीज घालवेल. कारण काहीही असो, तासाभरात वीज परत आली आणि सगळी रांग कामाला लागली. कुणी जुने गालिचे आणले, कुणी तंबूच्या चटया. खिडक्यांना चादरी लागल्या, गाद्यांखाली फोम गेला. पण खरं डोकं चालवलं ब्यर्गने. ती एक छोटा पंखा घेऊन आली, स्पेनच्या उन्हाळ्यासाठी घेतलेला.

"ऊब आहे तुझ्याकडे, पण ती वर बसलीय गुनवोरच्या डोक्यापाशी," ती म्हणाली. "तिला खाली हाकल."

उणे चौदा अंशांत पंखा लावायचा ही कल्पना आर्विडरावांना अडाणीपणाची वाटली आणि त्यांनी तसं सांगितलंही. पंखा लावला. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता जमिनीवर अठरा पूर्णांक चार अंश होते, आणि हवेची भोकं सगळी मोकळी. आर्विडरावांनी थर्मामीटरशेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवून फोटो काढला, म्हणजे तारखेबद्दल वाद नको. गुनवोरबाई म्हणाल्या की पळवून नेलेल्या माणसाचा फोटो असाच काढतात. सिल्येचं उत्तर म्हणून नुसता वर केलेला अंगठा आला. आर्विडरावांना निदान आवक क्रमांकाची अपेक्षा होती.

शनिवारी दुपारी मोटार आली. सिल्ये तूवाला घेऊन उतरली, मागून शेटिल. बॅगा कोणी काढल्या नाहीत. "बघू आधी," सिल्ये म्हणाली. "ती रमली तर राहू. रडायला लागली तर जेवून बाबांकडे जाऊ." आर्विडरावांनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष सारखं मोटारीतल्या त्या बॅगांकडे जात होतं.

आत सगळी रांग पाहुणी बघायला जमली होती. माणसांच्या उबेनं जमिनीवर चोवीस अंश झाले. आर्विडराव दोन्ही थर्मामीटर दाखवत होते, पंख्याचं तत्त्व समजावत होते, आता ते त्यांचं स्वतःचं होतं. तूवा गालिच्यावर चार हात रांगली, तोंडात रेनडिअरचा केस गेला, आजोबांकडे पाहिलं आणि तिने भोकाड पसरलं. गाल लालबुंद, केस घामाने चिकटलेले. ब्यर्गने घेतलं, गुनवोरबाईंनी घेतलं, ऑडवारने तोंडं वाकडी करून दाखवली. रडणं वाढलं.

"झोपेची वेळ झालीय तिची," सिल्ये म्हणाली. "गाडी कुठे लावू?"

"कसली गाडी?"

"बाबागाडी, आर्विड. बाहेर कुठे लावू?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आपल्या देशात पोरं दुपारी बाहेर झोपतात हे काय आर्विडरावांना माहीत नव्हतं? शेटिल तीन वर्षांचा होईपर्यंत गच्चीत झोपला होता, पापण्यांवर हिमकण घेऊन. आर्विडराव स्वतः तसेच वाढलेले. पण पाच दिवसांच्या अंशांनी ही एवढी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यातून पार पुसून टाकली होती. आणि नवल म्हणजे अख्ख्या रांगेच्याही.

"मग अठरा अंश?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"ते रांगायला."

"किती वेळ रांगते?"

"अर्धा तास," सिल्ये म्हणाली. मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "बाहेर वारा नसेल अशी जागा हवी, बस. बाबांकडे ती नाही. उघडं पठार आहे, गाडी उलटेल. आत तापलेल्या जमिनीवर पोरगी डोळा मिटत नाही. नाताळात आम्ही कुणीच झोपलो नाही."

आर्विडरावांनी टोपी घातली. "चल," ते म्हणाले.

मागच्या अंगाला ती दोन हात भिंत उभी होती. कोपऱ्यात गाडी अशी बसली की जणू मापं घेऊनच बांधलं होतं. तूवा लोकरीच्या पिशवीत, वर मेंढीचं कातडं, नाक तेवढं बाहेर. बाहेर उणे अकरा. तिने दोन उसासे टाकले आणि ती झोपली.

सगळे आत गेले. आर्विडराव घडीची खुर्ची टाकून गाडीपाशी बसले. आतून वॅफलचा वास येत होता, हसणं येत होतं, शर्यतीचा आरडाओरडा येत होता. पाच दिवस खपून तापवलेल्या जमिनीवर इतरांचे पाय होते, आणि आर्विडरावांच्या पायांची बोटं आता त्यांना जाणवत नव्हती. ते जागचे हलले नाहीत. एक तास झाला. दोन झाले. दार किलकिलं करून सिल्येने पाहिलं, घड्याळ पाहिलं, आणि आत जाऊन काहीतरी बोलली. थोड्या वेळाने शेटिल बाहेर आला आणि मोटारीतून बॅगा काढू लागला. आर्विडरावांनी तिसरी बॅग निघेपर्यंत मोजल्या आणि मग नाक पुसलं.

तेवढ्यात बर्फ करकरला. तांबडी टोपी. हातात टेप. सोलफ्रिड भिंतीपाशी थांबली, गाडीत वाकून पाहिलं, मग दोन कॅरव्हॅनच्या मधल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. तिथून आता वारा वळून येत होता आणि मेंढीच्या कातड्याची लव हलत होती.

"मागचं जंगलाकडे आहे," आर्विडराव घाईने कुजबुजले. "चार मीटरचा नियम इथे—"

"तू गप्प बैस," तीही कुजबुजली. "या बाजूने वारा लागतोय पोरीला. ढीग काय कामाचा? ती उठेपर्यंत भिंत उभी कर. उठली की पाड. पाणसळ आहे ना जवळ?"

आर्विडराव उठले. पायांत जीव नव्हता तरी उठले. सोलफ्रिडने फावडं घेतलं, त्यांनी विटा रचल्या, आणि दोन माणसं बेकायदा बांधकाम करू लागली. तिसऱ्या थरावर त्यांनी पाणसळ ठेवली तेव्हा गाडीतून आवाज आला. तूवा जागी झाली होती. ती रडायच्या बेतात तोंड वाकडं करून आजोबांकडे पाहत होती, आणि मग तिची नजर त्यांच्या हातातल्या हिरव्या नळीवर गेली. बुडबुडा किंचित सरकला. तोंड वाकडं व्हायचं थांबलं. आर्विडरावांनी पाणसळ तिच्यासमोर धरली आणि थोडी कलती केली. बुडबुडा पळाला. तूवा खुदकन हसली आणि लोकरीच्या हातमोज्याने तिने आजोबांचं बोट पकडलं.

"भिंत वाकडी होतेय तुझी," सोलफ्रिड म्हणाली.

"होऊ दे," आर्विडराव म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पाणसळ मुद्दाम वाकडी धरली, एकदा या बाजूला, एकदा त्या.